डावखुऱ्या खांद्याच्या मापाची रायफल

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस कोलोरॅडोच्या वायव्येकडील व्हाइट रिव्हर पठारावर, सकाळी पावणेआठच्या सुमारास, माझ्यापासून अंदाजे १४० यार्डांवर एक एल्क (इथले मोठ्या जातीचे हरीण) मादी ओकच्या झुडपांतून बाहेर येऊन आडवी उभी राहिली, आणि मी बार काढला नाही. परवाना खिशात होता, वारा तोंडावर होता, मागे मातीचा उतार होता. पण हातातली रायफल एका सहकाऱ्याकडून उसनी घेतलेली होती आणि तिचा खांद्याला टेकणारा दस्ता माझ्या जाड जाकिटावर इतका लांब पडत होता की दुर्बिणीत मला चित्राऐवजी काळ्या कडांचा एक हलणारा चंद्र तेवढा दिसत होता. मान पुढे ताणून तो चंद्र पूर्ण होईपर्यंत मादी दोन पावले चालून झाडीत गेली. शेजारी बसलेला सहकारी काही बोलला नाही. त्या न झालेल्या बारापासून माझ्या मापाची रायफल हातात येईपर्यंत वीस महिने गेले. त्या काळात सुटे भाग कसे निवडले, कुठे चुकले, किती थांबले आणि किती खर्च आला, हे क्रमाने लिहिते आहे. मराठीत या विषयावर वाचायला मला फारसे काही मिळाले नव्हते.

कणकवलीजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच तिचा प्रवास मी लहानपणी पाहिला. ते नळीला खोबरेल तेल लावत आणि आम्हा मुलांना तिच्या पुढे उभे राहू देत नसत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. त्या कायद्यानंतर जन्मलेल्या माझ्यासारखीला शिकार ही ऐकीव गोष्टच होती. कोलोरॅडोत राहायला आल्यावर ती शासनाच्या नियोजनाचा भाग म्हणून समोर आली. कोणत्या विभागात किती परवाने द्यायचे हे राज्याचे वन्यजीव खाते ठरवते, मादीचा परवाना बहुधा सोडतीने मिळतो, आणि सोडतीचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत करावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. तो मी २०२३ च्या वसंतात दोन शनिवार वर्गात बसून केला. वर्गात बाकीची बहुतेक मुले बारा-तेरा वर्षांची होती आणि परीक्षेत त्यांतल्या दोघांनी माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले.

कायदेशीर स्थितीविषयी एक गोष्ट आधीच सांगते, कारण अनेक मराठी मंडळी इथे एच-१बी व्हिसावर असतात. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण तो अपवाद आपल्याला लागू होतो का, हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नये. माझे ग्रीन कार्ड २०२२ मध्ये आले होते, त्यामुळे तो प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता.

तयार रायफल का घेतली नाही, असे मला अनेकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. दुकानात मिळणारी साधी बोल्ट-ॲक्शन (दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरायची) रायफल सातशे-आठशे डॉलरांत उत्तम काम देते. माझी अडचण दुहेरी होती. मी डावखुरी आहे आणि माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. डावखुऱ्यांसाठीच्या रायफली मिळतात, पण मी पाहिलेल्या सगळ्यांचे दस्ते पूर्ण लांबीचे होते. आखूड दस्त्याच्या मिळतात, पण त्या उजव्या हाताच्या. उजव्या हाताची रायफल डाव्या खांद्याला लावली की प्रत्येक काडतुसानंतर हात दुर्बिणीवरून पलीकडे न्यावा लागतो आणि नेम मोडतो. लहानपणी "डाव्या हाताने वाढू नकोस" हे ऐकतच मोठी झालेय, त्यामुळे उजव्या हाताच्या वस्तूंशी जमवून घ्यायची सवय मला आहे; पण २०२३ च्या सप्टेंबरात सरावाच्या मैदानावर उसन्या रायफलीची दुर्बीण धक्क्याने मागे येऊन भुवईवर आदळली आणि तिथे अर्धवर्तुळाकार जखम झाली. व्हिडिओ कॉलवर आईने आधी विचारले, चंद्रकोर एवढी वर का लावली आहेस. त्यानंतर जमवून घेण्याचा उत्साह संपला.

जानेवारी २०२४ मध्ये मी एका गनस्मिथकडे गेले. बंदूक जुळवणाऱ्या कारागिराला इथे हाच शब्द आहे. त्यांचे शिक्षण कोलोरॅडोतल्याच ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजात झाले होते, जिथे हा अभ्यासक्रम १९४७ पासून शिकवला जातो. मी जाताना कोणत्या कंपनीचा कोणता भाग हवा याची दोन पानी यादी घेऊन गेले होते. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. किती अंतरावरून बार काढणार, रायफल खांद्यावर घेऊन दिवसाला किती चालणार, आणि वर्षाला किती काडतुसे सरावात उडवणार. माझी उत्तरे होती: २५० यार्डांपलीकडे कधीच नाही, आठ-नऊ हजार फूट उंचीवर दहा-बारा किलोमीटर, आणि दोनशेच्या आसपास. या तीन उत्तरांनी माझ्या यादीतले निम्मे महाग भाग आपोआप गळून पडले. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी भागांच्या यादीऐवजी ही तीन उत्तरे लिहून न्यावीत.

मग त्यांनी माप घेतले, अगदी शिंप्याने घ्यावे तसे. कोपर काटकोनात वाकवायचा आणि कोपराच्या आतल्या बाजूपासून चापावर टेकणाऱ्या बोटाच्या पेरापर्यंत मोजायचे. ही लांबी दस्त्याच्या लांबीचा पहिला अंदाज देते. कारखान्याचे दस्ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतात. माझे माप साडेबारा भरले. सव्वा इंच म्हणजे बोटाचे जेमतेम दीड पेर, पण १४० यार्डांवरची ती मादी याच सव्वा इंचात निसटली होती. डोळ्याचीही चाचणी झाली. दोन्ही हातांचे तळवे जोडून त्यांत छोटी त्रिकोणी खिडकी करायची, तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहायचे आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. खिडकी ज्या डोळ्यावर येते तो प्रमुख डोळा. हात डावा असला तरी डोळा उजवा निघू शकतो आणि तसे झाले तर सगळाच विचार बदलतो. माझी खिडकी सुदैवाने डाव्याच डोळ्यावर आली.

काडतूस ठरवायला मी पूर्ण फेब्रुवारी घेतला, आणि आता वाटते की तो वेळ सार्थकी लागला, कारण पुढचा प्रत्येक भाग त्यावर अवलंबून असतो. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, प्रसरण पावणारी किमान ८५ ग्रेन वजनाची गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा अशी अट आहे, म्हणजे नियम फार आडवा येत नाही. आडवा येतो तो खांदा. सहकाऱ्याची रायफल .३०-०६ ची होती. हे १९०६ चे काडतूस आजही कुठल्याही गावच्या दुकानात मिळते आणि त्याच्याविषयी तक्रार करायला जागा नाही, पण त्याच्या धक्क्याच्या धास्तीने मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागले होते. १९६२ चे ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम त्याहूनही जोरकस. उरली दोन. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर आणि १९८० मध्ये आलेले ७ एमएम-०८ रेमिंग्टन. दोन्हींचा धक्का सौम्य, दोन्ही आखूड ॲक्शनमध्ये, म्हणजे बोल्ट सरकतो त्या आखूड सांगाड्यात, बसणारी. गनस्मिथनी मला मैदानावर दोन्ही वीस-वीस वेळा चालवायला दिली. निवड ७ एमएम-०८ वर आली, कारण एल्कसारख्या सव्वादोनशे किलोच्या जनावरासाठी मला थोडी रुंद आणि जड गोळी हवी होती. शिवाय त्या व्यासाच्या गोळीला भारतात जुना इतिहास आहे. चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी कंपनीची .२७५ रायफलही त्याच सात मिलिमीटर व्यासाची गोळी डागत असे. तोटा एवढाच की छोट्या गावांतल्या दुकानांत ही काडतुसे हमखास मिळतीलच असे नाही, म्हणून हंगामाची काडतुसे उन्हाळ्यातच घेऊन ठेवावी लागतात.

मार्चमध्ये १,००० डॉलर अनामत भरून मागण्या नोंदवल्या. रायफलीचा कणा म्हणजे ॲक्शन, ज्यात बोल्ट पुढेमागे सरकतो. अमेरिकेच्या कायद्याच्या दृष्टीने ॲक्शनचा अनुक्रमांक कोरलेला मुख्य सांगाडा हीच बंदूक; नळी, दस्ता, चाप हे सगळे नुसते सुटे भाग, जे घरी टपालाने येऊ शकतात. ॲक्शन मात्र परवानाधारक विक्रेत्याकडेच येते. ती मी स्वतः आधी दुसरीकडून विकत घेतली असती तर सगळी कागदपत्रे तेव्हाच झाली असती आणि काम संपल्यावर रायफल नुसती परत मिळाली असती. गनस्मिथमार्फत मागवल्यामुळे कागदपत्रे शेवटी झाली. दोन्ही मार्ग चालतात, पण कोणता ते आधी ठरवावे. मी १९६२ पासून चालत आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या आराखड्यावर बेतलेली, पण दुसऱ्या एका छोट्या कारखान्याची डाव्या हाताची आखूड ॲक्शन घेतली, १,२५० डॉलरना. या आराखड्याचा फायदा असा की त्याच्या मापाचे दस्ते, चाप आणि दुर्बिणीचे पाट (ॲक्शनवर स्क्रूने बसवायच्या, दुर्बीण धरणाऱ्या पट्ट्या) सगळीकडे मिळतात. टायटॅनियमची ॲक्शन सुमारे पाव किलोने हलकी पडली असती आणि खिसा त्याहून जास्त हलका झाला असता, ती सोडली.

नळीच्या बाबतीत मोह सर्वांत मोठा असतो. मॉन्टानातील प्रूफ रिसर्चसारख्या कंपन्या पोलादाच्या बारीक नळीवर कार्बन तंतू गुंडाळून देतात. दिसायला ती देखणी असते आणि जाडीच्या मानाने हलकी, पण किंमत दुपटीहून अधिक. तिचा खरा उपयोग लागोपाठ पुष्कळ बार काढणाऱ्याला होतो. मी एका हंगामात एक, फार तर दोन बार काढणार. म्हणून विस्कॉन्सिनमधील एका कारखान्याकडून ४१६आर जातीच्या न गंजणाऱ्या पोलादाची, गोळीला फिरकी देणारे आतले आटे एकेक कापून काढलेली साधी नळी ४२० डॉलरना घेतली. लांबी २२ इंच. प्रत्येक कमी इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला साधारण २० ते ३० फुटांनी घटतो, पण ओकच्या झुडपांतून वाकून जाताना दोन इंचांची सुटका मोलाची वाटते. आट्यांचा पीळ नऊ इंचांत एक फेरा असा घेतला, कारण मी शिसे टाळून तांब्याची गोळी वापरणार होते आणि तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, तिला स्थिर राहायला अधिक पीळ लागतो. तांबे का, तर शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात आणि ते मांस माझ्या घरात माझी सात वर्षांची मुलगी खाणार आहे. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारे ब्रेक बसवण्यासाठी आटे पाडून घ्यायचे का, असे विचारले होते; ब्रेकने आवाज असह्य वाढतो, म्हणून नको म्हटले.

चाप आणि मॅगझिन (काडतुसे ठेवायचा कप्पा) यांवर फार वेळ घालवला नाही. चापाचा ताण तीन पौंडांवर ठेवला, आणि तो दुकानात हाताला लोकरी मोजे घालून तपासला. मैदानावर दोन पौंडांचा चाप मखमली वाटतो, पण गारठलेल्या बोटाला तो कधी सुटला हे कळत नाही. डावखुऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की चापाचीही डाव्या हाताची आवृत्ती मागवावी लागते, नाहीतर सुरक्षा-खटका चुकीच्या बाजूला येतो. मॅगझिन काढता येणारे न घेता खालून झाकण उघडणारे घेतले. बर्फात हरवायला एक वस्तू कमी.

दस्त्याची कथा मात्र लांबली. आधी मला अक्रोडाचाच हवा होता. गनस्मिथच्या मागच्या खोलीत तुर्की अक्रोडाचा एक ठोकळा होता. त्यांनी त्यावर ओले फडके फिरवले तेव्हा आतल्या काळ्या-तपकिरी रेषा पाण्यातून वर याव्यात तशा उमटल्या आणि मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. पण लाकूड ओलावा पिते आणि सोडते, हलते, आणि हलले की नळीला टेकते व नेम सरकतो. सकाळी बर्फ, दुपारी कडक ऊन, रात्री तंबूत दव असा जिथे दिवस जातो तिथे तंतुकाचेचा दस्ता निमूटपणे काम करतो. मी ७८० डॉलरचा तंतुकाचेचा दस्ता मागवला, लांबी पावणेतेरा इंच. साडेबाराच्या मापात पाव इंचाच्या पट्ट्या घालता-काढता येतील असा, म्हणजे उन्हाळ्याच्या सदऱ्यावर आणि हिवाळ्याच्या जाकिटावर वेगळी लांबी ठेवता येते. गाल टेकतो त्या भागाची उंचीही दुर्बिणीच्या मापाने वाढवून घेतली.

सहा महिने लागतील असे सांगितले होते, सात लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खोके आले. ॲक्शन जुलैत आणि नळी ऑगस्टात येऊन पडली होती, त्यामुळे हंगामाआधी काम होईल अशी पुसटशी आशा होती. गनस्मिथनी दस्ता बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघे एकदमच गप्प झालो. बोल्टच्या दांड्यासाठीची खाच उजव्या बाजूला कापलेली होती. मागणीपत्र काढून पाहिले तर वरच्या ओळीत डावी ॲक्शन लिहिली होती, पण खालच्या एका चौकटीत कंपनीच्या अर्जात आधीच भरलेला "उजवा" हा शब्द तसाच राहिला होता. कंपनीचे म्हणणे चौकट ग्राह्य, आमचे म्हणणे ओळ ग्राह्य. तीन आठवड्यांच्या ईमेलनंतर त्यांनी विनामूल्य नवा दस्ता करून देण्याचे मान्य केले, मात्र रांगेत पुन्हा शेवटून. तो २०२५ च्या फेब्रुवारीत आला. २०२४ चा हंगाम मी उसन्या रायफलीनेच, आणि रिकाम्या हाताने काढला. तेव्हापासून प्रत्येक भागाच्या मागणीची पोच आली की मी तिच्यातली प्रत्येक चौकट बोट ठेवून मोठ्याने वाचते.

मार्च ते मे २०२५ या काळात जुळणी झाली. नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाची खोली कोरण्याचा दिवस गनस्मिथनी मला कळवला आणि मी रजा काढून गेले. लेथवर नळी सावकाश फिरते, कोरणी तेलात न्हालेली आत सरकते, थोडी सरकली की बाहेर काढून पुसतात, पुन्हा आत. तिच्या धारांवर चिकटून येणारा कीस हुबेहूब विळीवर खवलेल्या नारळासारखा होता, फक्त चमकणारा. शेवटच्या काही दोरा-दोरा कापणीला सगळ्यात जास्त वेळ गेला. मग दोन पोलादी मापके आली. एक खोलीच्या किमान मापाचे, दुसरे मर्यादेपलीकडचे. पहिल्यावर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिला. पहिल्या मापकावर तो लोण्यात सुरी जावी तसा खाली बसला; दुसऱ्यावर अर्ध्यात थांबला, आणि त्या थांबण्याचा घट्टपणा तळहाताला अजून आठवतो. खोली कोरणे आणि नळी बसवणे यांचे ४५० डॉलर झाले, आणि संपूर्ण कामात हे पैसे देताना मला सर्वांत कमी दुःख झाले.

त्यानंतर बेडिंग, म्हणजे ॲक्शन दस्त्यात जिथे बसते तिथे इपॉक्सी भरून तिच्या आकाराची बैठक तयार करणे. इपॉक्सी चिकटून ॲक्शन कायमची अडकू नये म्हणून तिला सुटे करणारा थर लावतात. गनस्मिथ त्यासाठी चक्क किवीचे बुटांचे पॉलिश वापरत होते आणि भोके बुजवायला मुलांची खेळण्याची माती. पहिल्या खेपेस एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला, तो खरवडून पुन्हा भरावा लागला, त्यात दोन आठवडे गेले. नळी दस्त्याला कुठेही टेकत नाही ना, हे पाहण्याची युक्ती घरीही करता येते. एक डॉलरची नोट नळीखाली घालून ती दस्त्याच्या टोकापासून ॲक्शनपर्यंत सरकवायची. माझी नोट न अडता गेली.

दुर्बीण मी वेगळी घेतली, ल्युपोल्डची ३.५ ते १० पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची. अडीचशे यार्डांना याहून मोठी लागत नाही, आणि मोठ्या भिंगाची दुर्बीण उंच बसते, मग गाल दस्त्यावरून सुटतो. पाट आणि कड्या धरून साधारण ७६० डॉलर लागले. इथे दुसरी चूक झाली आणि ही संपूर्णपणे माझी. मी रेमिंग्टन ७०० साठीचा पाट मागवला, आराखडा तोच असल्याने. पण मूळ रायफलीला ६-४८ मापाचे बारीक स्क्रू लागतात आणि माझ्या ॲक्शनला, पुष्कळशा नव्या ॲक्शनप्रमाणे, ८-४० चे जाड. पाट परत केला, दहा दिवस गेले. दुर्बीण बसवताना डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. पूर्ण चित्र दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे सरकवायची. हे मी जाकीट घालून एकदा आणि न घालता एकदा केले. भुवई आता सुरक्षित आहे.

जूनमध्ये रायफल ताब्यात घेण्याची वेळ आली. ४४७३ क्रमांकाचा संघीय अर्ज भरायचा, विक्रेता तो राज्याच्या तपास खात्याकडे पडताळणीला पाठवतो, आणि ऑक्टोबर २०२३ पासून कोलोरॅडोत पडताळणी सुरू झाल्यापासून किमान तीन दिवस थांबावे लागते. माझी पहिली खेप वाया गेली. आम्ही घर बदलले होते आणि वाहन परवान्यावर जुना पत्ता होता. ओळखपत्रावर सध्याचा पत्ता नसेल तर सरकारनेच दिलेला, पत्ता असलेला दुसरा कागद जोडावा लागतो. गाडीच्या नोंदणीचा कागद चालला, पण तो घरी होता. दुसऱ्या खेपेस नावाचा घोळ निघाला. ग्रीन कार्डावर मधले नाव नवऱ्याचे, वाहन परवान्यावर ते अजिबात नाही. आपल्याकडे बाईच्या मधल्या नावाची जी रीत आहे ती इथल्या कारकुनाला समजावून सांगणे हा एक स्वतंत्र अनुभव असतो. पडताळणी लांबली आणि तीन दिवसांऐवजी नऊ दिवसांनी होकार आला. ग्रीन कार्डधारकांना अर्जात आपला नोंदणी क्रमांकही द्यावा लागतो, तेव्हा कार्ड बरोबर न्यावे, आणि आधीच दोन्ही ओळखपत्रांवरची नावे अक्षरन् अक्षर जुळवून घ्यावीत. रायफलीबरोबर कुलूपही मिळते. राज्याच्या नियमाने विक्रेत्याला ते द्यावेच लागते. आम्ही त्याआधीच घरात पोलादी कपाट भिंतीला ठोकून घेतले होते.

बिलात एक अनपेक्षित ओळ होती. १ एप्रिल २०२५ पासून कोलोरॅडोत बंदुका आणि काडतुसांवर ६.५ टक्के वेगळा कर सुरू झाला आहे. उजव्या दस्त्याने खाल्लेले महिने नसते तर तो मला लागला नसता. सगळे भाग, मजुरी आणि नळीवरचा सिरॅकोटचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) लेप धरून रायफलीचे ३,९८० डॉलर झाले, त्यावर हा कर सुमारे २५९, आणि दुर्बिणीचे वर सांगितलेले पैसे. नेहमीचा विक्रीकर सोडून पाच हजारांना एक डॉलर कमी, असा हिशेब नवऱ्याने फ्रिजवर चिकटवला. दुर्बिणीसह वजन सात पौंड सहा औंस, म्हणजे जवळजवळ ३.३ किलो भरले. दरम्यान रत्नागिरीहून एका चुलतभावाने उरलेला पाट आणि कड्या पाठवशील का, असे विचारले. असल्या वस्तू अमेरिकेबाहेर पाठवायला निर्यात परवाना लागू शकतो, तेव्हा पाकिटात घालून काहीही पाठवू नये. तो थोडा रागावला आहे.

जुलै ते सप्टेंबर मैदानावर गेले. तांब्याच्या १४० ग्रेनच्या तीन कंपन्यांच्या गोळ्यांपैकी एकीचे तीन बार १०० यार्डांवर इंचापेक्षा कमी अंतरात बसले, बाकीच्या दोघींचे दीड-दोन इंचांत. कोणत्या नळीला कोणती गोळी मानवते हे आधी कुणीच सांगू शकत नाही, म्हणून तीन-चार जातींची एकेक पेटी घेऊन पाहावी. नेम २०० यार्डांवर बरोबर येईल असा लावला आणि मग टेबल सोडून बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने सराव केला. डोळे मिटण्याची खोड ऑगस्टात कधीतरी गेली. केव्हा ते लक्षात आले नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस, दुसऱ्या रायफल हंगामाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, १७० यार्डांवर एक बार झाला. मादी चाळीस पावले जाऊन पडली. अंधारात कंदील लावून मांस उतरवायला आम्हा दोघांना चार तास लागले आणि दुसऱ्या दिवशी तीन खेपांत ते गाडीपर्यंत आणले. या भागातल्या एल्क-हरणांत क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग आढळतो, म्हणून डोके तपासणीला दिले आणि निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीत वेगळे ठेवले. निकाल निर्दोष आला तेव्हा आईने फोनवर सांगितलेल्या प्रमाणात मालवणी मसाला घालून पहिले सुके केले.

रायफल पुसून कपाटात ठेवताना एक नोंद वहीत केली आहे. त्या संध्याकाळी थंडी उणे नऊ होती आणि मी आतून आणखी एक लोकरी थर घातला होता, त्यामुळे दस्ता पुन्हा किंचित लांब वाटला. पाव इंचाची पट्टी काढून साडेबारावर आणायची आहे. त्यासाठीचा लांब पेचकस कालच टपालाने आला.